प्रबंध इंग्रजीत, पण टपाल जर्मनमध्ये

प्रश्न : ताई, मी जर्मनीत गॉटिंगेनला जीवशास्त्रात पीएचडी करते आहे, दुसरं वर्ष संपत आलंय. लॅबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं, प्रबंधही इंग्रजीतच लिहायचाय. नवऱ्याचं ऑफिसही इंग्रजीतलं. साडेचार वर्षांची लेक मात्र किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जाऊन फाडफाड जर्मन बोलायला लागलीय. दुकानात, डॉक्टरांकडे आता तीच आमच्या वतीने बोलते. गाइड म्हणतात, जर्मनची गरज नाही. मग प्रयोग सोडून क्लासला वेळ द्यावा का?

उत्तर : गाइड खरं सांगताहेत, पण लॅबपुरतं. तुमच्या पत्रात मला खटकली ती लेकीची गोष्ट. आईला काय होतंय हे डॉक्टरांना समजावून सांगण्याचं ओझं एवढ्याशा पोरीवर नको. दुकानात तिने हौसेने बोलावं, त्याचं कौतुकच करा. पण दवाखान्याची वेळ घेतानाच इंग्रजी बोलणारे डॉक्टर आहेत का, हे विचारून घ्या. आणि घरात तिच्याशी मराठीच बोला. तिचं जर्मन किटा सांभाळेल.

दुसरी गोष्ट टपालाची. मी तिथे शिष्यवृत्तीवर होते तेव्हा आरोग्य विम्याचं एक पत्र जाहिरात समजून बाजूला ठेवलं. त्यात उत्पन्नाचा फॉर्म होता. तो वेळेत न भरल्यामुळे कमाल हप्ता लागला आणि ते कळलं खात्यातून पैसे गेल्यावर. पुढे दुरुस्ती झाली, पण तो महिना काढताना रडू आलं होतं. म्हणून आलेलं पत्र त्याच दिवशी मोबाइलवर भाषांतर करून वाचा आणि ‘फ्रिस्ट’ हा शब्द शोधा. फ्रिस्ट म्हणजे मुदत. पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी कचेरीची किंवा कोर्टाची नोटीस, आलं तर ते फेकू नका. त्यावर पोस्टमन तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला बहुतेक वेळा एकच महिना मिळतो.

क्लासबद्दल म्हणाल तर आत्ताच सुरू करा, चौथ्या वर्षी जमणार नाही. तेव्हा प्रबंध लिहायचा असतो, करार संपत आलेला असतो आणि नोकरीही शोधायची असते. लॅबबाहेरच्या बऱ्याच नोकऱ्यांना जर्मन लागतं. कायम वास्तव्याच्या परवान्यालाही साधारणपणे जर्मनची बी1, म्हणजे रोजचे व्यवहार करता येतील एवढी, पातळी मागतात. आधी विद्यापीठाच्या भाषा केंद्रात चौकशी करा. तिथे जमलं नाही तर फोल्क्सहोखशूलंचे, म्हणजे गावातल्या प्रौढशिक्षण केंद्राचे, संध्याकाळचे वर्ग आहेतच. दोघांनीही शिका, वार वाटून घ्या. एकाच्या क्लासच्या दिवशी दुसऱ्याने लेकीला सांभाळायचं. एकालाच भाषा आली तर घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक फॉर्म त्याच्याच गळ्यात पडतो. त्यावरून झालेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत.

मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवताना सहकाऱ्यांना सांगा, की आठवड्यातून एक दिवस माझ्याशी जर्मनमध्येच बोला. आणि किटातल्या पुढच्या पालकसभेला लेकीला घरी ठेवून जा. निम्मं डोक्यावरून जाईल. बाईंना ‘लांगझाम, बिटं’ म्हणजे ‘सावकाश, प्लीज’ एवढं म्हणा, त्या थांबून पुन्हा सांगतील.