सेलेनियम: स्लीप ५ वरून १० सेकंदांवर नेल्याने चाचणी स्थिर होईल का?

सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनावरची आपली चाचणी लॅपटॉपवर नेहमी पास होते, सर्व्हरवर मात्र अधूनमधून ‘क्लिक इंटरसेप्टेड’ (क्लिक दुसऱ्या घटकाने अडवला) अशी त्रुटी देऊन पडते, म्हणून स्लीप, म्हणजे कोडला ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा, ५ वरून १० सेकंदांवर न्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नेऊ नये. स्लीप ठरलेला वेळ घेतोच. पान एका सेकंदात तयार झाले तरी उरलेले ९ सेकंद वाया जातात आणि ११ सेकंद लागले तर चाचणी पूर्वीसारखीच पडते.

त्याऐवजी सेलेनियममधला वेबड्रायव्हरवेट, म्हणजेच एक्सप्लिसिट वेट, वापरावा. तो दिलेली अट साधारण दर अर्ध्या सेकंदाला तपासतो आणि ती पुरी होताच पुढे जातो, त्यामुळे १० सेकंद ही केवळ कमाल मर्यादा राहते.

मात्र अट कोणती द्यायची, यातच खरी मेख आहे. ‘एलिमेंट टू बी क्लिकेबल’ हे नाव फसवे आहे, कारण ही अट बटण दिसत आहे आणि ते डिसेबल केलेले नाही एवढेच पाहते. बटणावर दुसरे काही पसरले आहे का, याची ती दखल घेत नाही. या नावावर विसंबून मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. ‘जतन करा’ या बटणावर एक अर्धपारदर्शक लोडर, म्हणजे काम चालू असेपर्यंत दिसणारा पडदा, येत असे. माझ्या यंत्रावर तो नजरेस पडण्याआधीच नाहीसा होई, सर्व्हरवर मात्र रेंगाळत राही. क्लिक कोणत्या घटकाने अडवला, हे क्रोम त्रुटीच्या संदेशातच त्या घटकाच्या क्लाससह सांगते. मी तो संदेश शेवटपर्यंत वाचलाच नव्हता.

तेव्हा आधी तो लोडर अदृश्य होण्याची वाट पाहावी आणि मग क्लिक करावे. तरीही एक फट उरते: लोडर अजून उमटलाच नसेल, तर ‘अदृश्य आहे’ ही अट तत्काळ खरी ठरते. म्हणून शक्य असेल तेथे लोडर जाण्याऐवजी तो गेल्यावर जे दिसायला हवे त्याची, उदाहरणार्थ तक्त्यातील पहिल्या ओळीची, वाट पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते.

कोडमध्ये इम्प्लिसिट वेटही (प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी प्रतीक्षा) लावलेला असल्यास तो काढून टाकावा. दोन्ही एकत्र ठेवल्यास प्रत्यक्ष किती वेळ थांबले जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. १० सेकंदांचा इम्प्लिसिट आणि १५ सेकंदांचा एक्सप्लिसिट वेट मिळून २० सेकंदांनी टाइमआउट होऊ शकतो, असा इशारा सेलेनियमच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे.