तीनसाठी आठ शब्द? मग आपलं तिघे, तिन्ही, तीनदा काय आहे?

तुमचा प्रश्न होता की कॅनडातल्या कॅरिअर भाषेत ‘तीन’साठी आठ शब्द आहेत, म्हणून त्या लोकांना नुसता तीन हा आकडा डोक्यात धरता येत नाही असं वाचलं, ते खरं का, आणि आपलं दोघे-तिघे हाही त्यातलाच प्रकार का. पहिलं अजिबात खरं नाही. दुसऱ्याचं उत्तर हो.

या भाषेचं स्वतःचं नाव डाकेल्ह, कॅरिअर हे बाहेरच्यांनी दिलेलं. ब्रिटिश कोलंबियाच्या मधल्या भागात, फोर्ट सेंट जेम्स, प्रिन्स जॉर्ज वगैरे पट्ट्यात बोलतात. अथाबास्कन कुटुंबातली भाषा, म्हणजे पार खाली नैऋत्य अमेरिकेतल्या नावाहोची लांबची बहीण. १८८५ मध्ये मोरिस नावाचे फ्रेंच मिशनरी तिथे आले, त्यांनी भाषा शिकून तिच्यासाठी लिपीसुद्धा तयार केली आणि ही आठ शब्दांची यादी मूळ त्यांचीच.

यादी अशी (उच्चार ढोबळ लिहितोय, पण सुरुवातीचा थ आपल्यासारखाच, श्वास सोडून म्हटलेला त): था म्हणजे तीन वस्तू, थाने म्हणजे तीन माणसं, थात म्हणजे तीन वेळा, थातन म्हणजे तीन ठिकाणी, थाउह म्हणजे तीन प्रकारे, मग थैल्तोह म्हणजे तीन वस्तू मिळून सगळ्या, थल्तोह म्हणजे तीन माणसं मिळून सगळी, आणि थाहुल्तोह म्हणजे तिन्ही वेळा धरून.

आता हीच यादी मराठीत म्हणून बघा. तीन, तिघे, तीनदा, तीन ठिकाणी, तीन परीने, तिन्ही, तिघेही, तिन्ही वेळा. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी ती यादी चार वेळा परत वाचली, कारण इंग्रजीत यातल्या निम्म्या गोष्टींना जोडशब्द करून सांगावं लागतं आणि आपल्याकडे घरातली पोरंसुद्धा हे न अडखळता बोलतात. ‘तीन आंबे’ चालतं पण ‘तिघे आंबे’ कोणी म्हणणार नाही, आणि पाहुणे किती आले विचारलं तर ‘तीन आले’ हे कानाला खटकतं, ‘तिघे आले’ म्हणतो. शिवाय आपण तिथेच थांबत नाही, तिप्पट, तिहेरी, तिठा, तिपाई, पाढ्यातलं तीन त्रिक नऊ, तिन्हीसांजा... म्हणजे यादी करायला बसलो तर आठाच्या कितीतरी पुढे जाईल, म्हणून काय आपल्याला तीन कळत नाही?

तर मोरिस यांची यादी पुढे १९१० मध्ये पॅरिसमधल्या एका तत्त्वज्ञाने उचलली आणि ‘आदिम’ माणूस संख्या आणि मोजलेली वस्तू वेगळी करू शकत नाही या मताला पुरावा म्हणून वापरली. मला याचा खरंच राग येतो, कारण यादी नीट बघितली तरी कळतं की हे आठ सुटे शब्द नाहीतच, सगळ्यांच्या मुळाशी एकच था आहे आणि त्याला शेपट्या लागल्यात. थानेमधला ने हा तर माणसांच्या अनेकवचनाचा सरळ प्रत्यय आहे, डाकेल्ह लोक म्हणायचं तर डाकेल्हने म्हणतात. मूळ तीन आधी वेगळा काढता आल्याशिवाय त्याला आठ प्रकारे प्रत्यय लावणार कसे?

आणि हे लोक मोजण्यात कच्चे होते असंही नाही, या भाषेत सहाचा शब्द तीनवरून आणि आठचा चारवरून बनवलाय, म्हणजे दुप्पट करून, आणि नऊ सांगताना दहात एक कमी असं सांगतात, अगदी आपल्या एकोणीस, एकोणतीससारखं, एक उणे वीस.

आज ही भाषा अस्सल बोलणारे बहुतेक म्हातारे आहेत. फ्रेझर लेकच्या काठावर लेजॅकची निवासी शाळा १९२२ ते १९७६ चालू होती, पोरांना घरापासून तोडून तिथे ठेवायचे आणि अशा शाळांत आपली भाषा बोलली तर शिक्षा व्हायची. अशात भाषा परत शिकवताना नुसता एक ते दहाचा तक्ता धरला, तर त्यात वस्तू मोजायचा तीन येतो, थाने राहून जाऊ शकतो. आपल्याकडे परदेशात वाढणारी मुलंही दहापर्यंत बरोबर मोजतात पण ‘माझे तीन मित्र आले, तीन पण थांबलेत’ म्हणतात, तो हाच प्रकार. त्यामुळे मुलांसाठी मराठी आकड्यांचा तक्ता करणार असाल तर दोघे, तिघे, चौघे ही ओळ वेगळी घाला.

एक फरक मात्र आहे. अथाबास्कन भाषांत व्याकरणाचं लिंग नसतं, त्यामुळे थाने म्हटलं की तीन माणसं एवढंच कळतं. आपल्याकडे तिघे, तिघी, तिघं, यातल्या एका शब्दावरूनच दारात कोण आलंय ते आतल्या खोलीत कळतं.