आधी एक वर्ष तिला आहे तशी चालव

तुझं पत्र मिळालं, फोटो पण बघितले, आणि मागून काढलेल्या त्या एका फोटोवर मी बराच वेळ थांबलो. पोर्शे ९११, ती पण ९९७ या पिढीतली, पहिल्या टप्प्यातली, ३.८ लिटरची कॅरेरा एस, मॅन्युअल गिअरची. मनापासून अभिनंदन. इतकी वर्षं पैसे साठवून, दहा गाड्या बघून, नऊंना नाही म्हणून तू ही घेतलीस हे मला माहितीये, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते तुझ्या आनंदावर पाणी टाकायला नाही एवढं आधी लक्षात घे.

तुझी यादी वाचली. सायलेन्सर बदलायचा, लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवायची, मोठी २० इंची व्हील, ईसीयूचं म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, नंतर रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची फिल्म. दोन पानं भरून लिहिलंयस आणि त्यात ऑइल हा शब्द एकदाही नाही, ब्रेक फ्लुइड नाही, टायर किती जुने आहेत ते नाही. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. एक वर्ष गाडीत काहीही बदलू नकोस. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती जशी होती तशी तिला आधी परत आण, तशी चारही ऋतूत चालव, आणि मग जे तुला खरंच कमी वाटेल तेवढंच बदल.

यामागचं कारण असं की सेकंडहॅंडमध्ये गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तुला गाडी मूळ किमतीच्या थोड्याशा भागात मिळाली असेल, पण तिचा क्लच, तिचे शॉकअप, तिच्या ब्रेक डिस्क अजून त्याच वर्गातल्या गाडीच्या भावाने येतात. मधले मालक नेमके इथेच हात आखडता घेतात. पहिला मालक सगळं वेळेवर करतो, दुसरा थोडं पुढे ढकलतो, तिसरा विकायची म्हणून काहीच करत नाही. माणूस दुखणं अंगावर काढतो ना, तशी या गाड्यांची दुखणी अंगावर काढलेली असतात, आणि ती सगळी आता तुझ्या नावावर झालीयेत. वीस इंची व्हीलचे पैसे आहेत ना, ते तिकडे लागणार आहेत.

तर पहिलं काम ऑइल. आधीच्या मालकाने गेल्याच महिन्यात बदललं म्हणाला तरी तू परत बदल, कारण तुला नुसतं नवं ऑइल नकोय, जुनं बघायचंय. या इंजिनात आठ लिटरच्या वर ऑइल बसतं, पोर्शेचं ए४० अप्रूव्हल डब्यावर छापलेलं असेल तेच घे, आणि काढलेला फिल्टर फेकून देऊ नकोस. तो कापून आतला कागद उलगड, उन्हात धर आणि नीट बघ. काळी मळी असणारच, पण चमचमणारे कण, सोनेरी असोत की रुपेरी, दिसले तर गाडी तिथेच थांबवायची आणि जाणकाराला दाखवायची. थोडं जुनं ऑइल बाटलीत भरून लॅबमध्ये तपासायलाही देता येतं, त्यात कुठला धातू किती आहे ते कळतं. एका रिपोर्टवरून फार कळत नाही, पण दर वेळी दिलास तर तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवले की इंजिन कुठे झिजतंय का ते दिसायला लागतं.

आणि एक, ९९७ ला डिपस्टिक नाहीये. लेव्हल डॅशबोर्डवर बघायची, गाडी सपाट जागी, इंजिन गरम, थोडा वेळ थांबून. लोक घाईत चढावर उभी करून बघतात, कमी दाखवते म्हणून वरून ओततात, आणि जास्त झालेलं ऑइल एअर-ऑइल सेपरेटरमधून, म्हणजे इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणाऱ्या डब्यातून, इनटेकमध्ये म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत जातं, मग मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि सगळ्यांना वाटतं इंजिन गेलं. तो सेपरेटर स्वतः म्हातारा झाला तरी असाच धूर येतो, त्यामुळे धूर दिसला की घाबरून इंजिन खोलायला देऊ नकोस, आधी तो बघायला सांग.

आता आयएमएस बेअरिंगबद्दल तू विचारलंयस, तर ते शांतपणे समजून घे, कारण याच्यावर लोकांनी भीती खूप पसरवलीये आणि माहिती कमी. इंजिनात एक इंटरमीडिएट शाफ्ट असतो, क्रॅंककडून फिरणं घेऊन चेनने कॅमशाफ्टना देतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग आहे. सील थकलं की आतलं ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग कोरडं पडतं, तुटलं की टायमिंग हलतं आणि पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. २००५ पर्यंतच्या बऱ्याच इंजिनांत हे बेअरिंग लहान होतं आणि भानगडी जास्त तिथल्या. २००६ ते २००८ च्या इंजिनांत, म्हणजे तुझ्या गाडीत, ते मोठं आहे आणि फार क्वचित जातं, पण इंजिन दोन भागात उघडल्याशिवाय ते बाहेर निघत नाही. म्हणून मुद्दाम त्याच्यासाठी काही उघडू नकोस. क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, त्या वेळी बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायचं, म्हणजे इंजिनाचं ऑइल त्याला मिळत राहतं. बरेच अनुभवी मेकॅनिक हेच करतात आणि मलाही ते पटतं.

मला तुझ्या गाडीत बेअरिंगपेक्षा सिलिंडरची काळजी जास्त आहे. बोअर स्कोरिंग म्हणतात त्याला, म्हणजे पिस्टनवरचा लेप निघतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडतात. ३.८ मध्ये हे दिसतं, आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या सिलिंडरमध्ये, त्यातही सहा नंबरच्या. खुणा सांगतो. इंजिनातून एका लयीत टिकटिक, ऑइल पूर्वीपेक्षा लवकर कमी होणं, आणि मागच्या दोन बाजूंच्या पाइपांपैकी एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त काजळी. ही तिसरी खूण तू आज बोट फिरवून बघू शकतोस. बोरस्कोप, म्हणजे आत सरकवायचा बारीक कॅमेरा, लावून बघायला सांग, स्पार्कप्लगच्या भोकातून वरचा भाग दिसतो पण ओरखडे बऱ्याचदा खाली असतात, त्यामुळे शंका राहिली तर सम्पच्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या तबकाच्या बाजूने बघणारा माणूस शोध. हे गाडी घेण्याआधी करायला हवं होतं हे तुलाही कळतंय, आता त्यावर बोलून उपयोग नाही, पण या महिन्यात करून घे.

यातलं तुझ्या हातात काय आहे तर थंड इंजिन कसं वापरायचं ते. सकाळी सुरू करून दहा मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवू नकोस, अर्ध्या मिनिटात निघ आणि हळू चालव. कुलंट लवकर तापतं, ऑइलला त्याच्यापेक्षा बराच वेळ लागतो, आणि तुझ्या डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा आहे, फार थोड्या गाड्यांना असतो. तो ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय ४,००० आरपीएमच्या वर इंजिन ओढायचं नाही, शेजारी कोणीही बसलेलं असो आणि ते काहीही म्हणत असोत.

गॅरेजमध्ये तपासणीचा कॉम्प्युटर लावशील तेव्हा एरर कोडवर थांबू नकोस, ओव्हररेव्हचा रिपोर्ट माग. इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा फिरलं ते सहा पट्ट्यांमध्ये नोंदलेलं असतं. खालच्या पट्ट्यांत आकडे असणारच, गाडी जोरात चालवली एवढाच त्याचा अर्थ, पण सगळ्यात वरच्या पट्ट्यांत नोंद असेल तर कोणीतरी वेगात असताना चुकून खालचा गिअर टाकलाय, कारण इंजिन स्वतःहून तिथे जाऊच शकत नाही. त्यातच इंजिन एकूण किती तास चाललं ते पण मिळतं. किलोमीटरला तासांनी भाग. ९०,००० किलोमीटर आणि २,००० तास असतील तर सरासरी ४५ चा वेग, म्हणजे मेळ बसतो. उत्तर काहीतरीच विचित्र आलं तर मीटरशी छेडछाड झालीये का ते शोधायला लाग.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांमागे रेडिएटर आहेत आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर, तिथे वाळकी पानं साठतात, ओली राहतात आणि ॲल्युमिनियम कुजवतात, बंपर काढून एकदा साफ कर आणि नंतर दर वर्षी. इग्निशन कॉइलचं प्लास्टिक तडकतं आणि दमट हवेत गाडी मिसफायर करते, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही. वॉटर पंप, कुलंटची टाकी, चाकं धरणाऱ्या कंट्रोल आर्मची रबरं, ही वयाने जातात, किलोमीटरने नाही, त्यामुळे कमी चाललेली गाडी म्हणून निर्धास्त राहू नकोस. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश आणि ओलं झालं की १५५ वर येतो, घाटात सलग ब्रेक मारताना पाय एकदम खाली जातो तो यामुळे.

बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकी विजेवर उघडते. बॅटरी उतरली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. पुढे डावीकडे पायाशी फ्यूजबॉक्समध्ये ओढून बाहेर येणारं एक लाल टर्मिनल आहे, तिथून करंट देऊन डिकी उघडता येते. ते कुठे आहे ते आजच दिवसाउजेडी बघून ठेव, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून ठेव.

टायर. बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर बदल. या गाडीचं साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे, आणि कडक झालेल्या रबरावर ओल्या वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास की मागची बाजू पुढे यायला बघते. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण ३५५ अश्वशक्तीपेक्षा त्या एका क्षणाला तू काय करतोस यावर जास्त अवलंबून आहे. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन अक्षर आणि आकडा असतो, चारही एकाच जातीचे घे. मागचे टायर आतल्या कडेने झिजतात, उभं राहून दिसत नाही, खाली वाकून हात घालून बघ.

आता स्प्रिंगचं. माझ्या पहिल्या स्पोर्ट्स कारला मी घेतल्यापासून तिसऱ्या आठवड्यात लोअरिंग स्प्रिंग टाकले होते. उभी असताना गाडी इतकी सुंदर दिसायची की मी गॅरेजमध्ये जाऊन नुसता बघत बसायचो. पण शॉकअप जुनेच होते, त्यांची चाल कमी झाली, खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअपच्या शेवटच्या रबरी अडणीवर, आपटायला लागली, आणि बसवणाऱ्या गॅरेजने अलाइनमेंट केलीच नव्हती, मी पण विचारलं नाही. चार महिन्यांत मागचे टायर आतून तारेपर्यंत गेले, आणि एका पावसाळी संध्याकाळी वळणावर गाडी माझ्या हातातून सुटली. कोणाला लागलं नाही. गाडी दुरुस्त झाली, पण माझ्या बायकोने त्यानंतर त्या गाडीत पाऊल टाकलं नाही, आणि शेवटी मी ती विकली. मूळ स्प्रिंग तोवर भंगारात गेले होते, नाहीतर परत बसवले असते. गाडी बरोबर असताना कशी चालते हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे ती बिघडलीये हे पण कळलं नाही.

म्हणून म्हणतो वर्षभर थांब. त्या वर्षात नवे टायर, चांगले ब्रेकपॅड, ताजं फ्लुइड आणि या गाड्या ओळखणाऱ्या माणसाकडून नीट अलाइनमेंट, एवढं कर, आणि उरलेले पैसे ट्रॅकवर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला दे. एवढ्याने गाडी इतकी बदललेली वाटेल की यादीतल्या निम्म्या गोष्टी तूच खोडशील. नंतर सस्पेन्शन करायचंच तर शॉकअप आणि स्प्रिंग जोडीने, एकमेकांसाठी बनवलेले. सायलेन्सर बदल, त्याला माझी ना नाही, त्या इंजिनाचा आवाज ऐकायलाच तर गाडी घेतली आपण, फक्त आधी तोच सायलेन्सर लावलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसून तासभर प्रवास कर, कारण एका ठरावीक आरपीएमला जो घुमणारा आवाज येतो तो पाच मिनिटांच्या व्हिडिओत कळत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा नाही, कायद्यानेही नाही आणि मागच्या माणसाच्या नाकासाठीही नाही. ट्यूनिंग टर्बोवाल्या इंजिनाला फरक पाडतं, तुझं नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणजे बिनटर्बोचं आहे, त्याला पोर्शेच्या इंजिनिअरांनी फार काही शिल्लक ठेवलेलं नाही, त्यामुळे ते यादीतून काढच. मोठी व्हील म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन वाढणं, १९ इंची आहेत ती पुरेशी आहेत. रॅप कर हवा तर, तो निघतो.

जे काढशील ते प्रत्येक मूळ पार्ट, अगदी बोल्टसकट, कागदात गुंडाळून, वर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेव. आणि बदल केला की इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळव, लपवलंस तर नेमक्या गरजेच्या वेळी क्लेम नाकारतील.

एक वही घाल गाडीत. पेट्रोल, ऑइल किती टाकलं, कुठला आवाज कधी आला, सगळं लिही.

रविवारी ऑइल बदलशील ना, तेव्हा फिल्टर कापून कागद उन्हात पसर आणि फोटो पाठव, जवळून काढलेला. मागच्या दोन्ही पाइपांच्या काजळीचा पण पाठव, डावा कुठला उजवा कुठला ते लिहून.