‘कबड्डी’ म्हणता येईना म्हणून

“मॅडम, माझो झील आयकतच नाय. उद्या दात पडलो तर रडत कोण बसतला?” खुर्चीत टेकायच्या आधीच मालवणच्या त्या आईने सुरुवात केली. झील म्हणजे मुलगा, पंधरा वर्षांचा, बाजूला मान खाली घालून. गावच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो. मागच्या मोसमात घोटा धरायला झेपावला आणि चढाई करणाऱ्याचा गुडघा तोंडावर बसला. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. डॉक्टरांनी तो भरून दिला आणि माऊथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर चढवायचं मऊ कवच, वापरायला सांगितलं. आईने ते ऑनलाइन मागवलं. तेव्हापासून ते पिशवीच्या तळाशी.

“सांगूनही घालत नाही” ही तक्रार खेळाडू मुलांचे आईवडील माझ्यासारख्या समुपदेशकाकडे नेहमी आणतात. बहुतेक जण तोपर्यंत तुटलेल्या दातांचे फोटो दाखवून झालेले असतात. या वयात भीती फार तर दोन दिवस टिकते, असा माझा अनुभव. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि त्याला एवढंच विचारलं, “घातल्यावर नक्की काय होतं?”

“ता तोंडात घातला की दमच घेवक जमना नाय.”

हट्ट नव्हे, अडचण होती, आणि अगदी रास्त! चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट ऐकू आलं नाही तर पंच चढाई करणाऱ्याला परत पाठवतात. कोपरारक्षक असला तरी कधी ना कधी चढाईला जावंच लागतं. दुसरं कारण जरा उशिराने निघालं: पोरं त्याला ‘चोखणी’ म्हणून चिडवायची.

पिशवीतलं माऊथगार्ड मी बघायला मागितलं. गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं असतं, त्यातलं. याने ते पाण्यात जास्त वेळ ठेवलं होतं, त्यामुळे आकारच बिघडलेला. वरच्या दातांवर ते आपोआप बसायला हवं. याला ते दात आवळून धरावं लागे. दात आवळून कोण कबड्डी म्हणेल?

पुढचं काम माझं नव्हतं, दंतवैद्याचं होतं. त्यांनी दातांचं माप घेऊन नवं बनवलं. ‘ड’ म्हणताना जीभ टाळूला लागते, नेमकी तिथली कड जाड होती. ती त्यांनी घासून पातळ केली. मी त्याला घरचा अभ्यास दिला: रोज दहा मिनिटं ते घालून धडा मोठ्याने वाचायचा, मग एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं. सामन्यात लगेच नाही, आधी सरावात. चिडवण्याचं मात्र मी प्रशिक्षकांवर सोपवलं. त्यांचे स्वतःचे पुढचे दोन दात खोटे. एका संध्याकाळी त्यांनी ते मैदानावर काढून दाखवले म्हणे. माझ्या चार सत्रांपेक्षा ते भारी पडलं असावं.

आईंना एक गोष्ट वेगळी सांगितली, कारण माऊथगार्डने धोका कमी होतो, संपत नाही. पक्का दात मुळासकट निघालाच तर मुळाला हात लावायचा नाही. मळला असेल तर हलकेच धुवायचा, घासायचा नाही. जमलं तर लगेच जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात ठेवायचा आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठायचा.

मे महिन्यात फोन आला, आईंचा नव्हे, त्याचाच. माऊथगार्ड उन्हात मोटारसायकलच्या सीटवर राहिलं आणि वाकडं झालं. “मॅडम, रविवारी सामनो आसा. दुसरा करूक किती दिवस लागतले?”