मॅडम, मी प्रभुभोजन घेऊ का?

लेंत, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, सुरू झाला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेणं. कधी फोनवर, कधी भक्ती सुटल्यावर चर्चच्या पायरीवर, हळू आवाजात, "मॅडम, मी लायक नाहीये, मी प्रभुभोजन घेतलं तर शिक्षा होईल का?" विचारणारे सगळ्या वयाचे, कॉलेजातली पोरं, रिटायर्ड मास्तर, एकदा तर पाळकांच्या घरातल्याच एक बाई. आणि प्रत्येकाच्या डोक्यात तेच वचन, १ करिंथ ११ मधलं, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं, जो अयोग्य प्रकारे भाकर खाईल तो प्रभूच्या शरीरासंबंधी दोषी ठरेल. पाळक ते वाचायला लागले की पोटात गोळा येतो, मग माणूस मागच्या बाकावर सरकतो आणि मग एक दिवस महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजन असतं तेव्हा, यायचंच बंद करतो.

म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. तपशील बदललेत, आणि त्यांनी स्वतः वाचून हो म्हटलंय.

ताई आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. बीपीची गोळी चालू, वय पन्नाशीच्या पुढे, घरात तसं सगळं बरं. तिसऱ्या भेटीत निघता निघता दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी १४ वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नाही. ह्यांना सांगितलंय की द्राक्षरसाने ॲसिडिटी होते." मी त्यांना परत बसवलं.

हळूहळू निघालं ते असं. भावाला पैशाची गरज होती म्हणून यांनी सासूबाईंची बोरमाळ गुपचूप सराफाकडे ठेवली, सोडवून आणू असं मनात होतं पण जमलं नाही, आणि एका लग्नाच्या आधी कपाट उघडल्यावर घरात बोंब झाली. संशय गेला धुणंभांडी करणाऱ्या बाईवर. "मी तिचं नाव घेतलं नाही मॅडम, देवाशपथ. मी फक्त गप्प बसले." त्या बाईला काढलं, बिल्डिंगमध्ये गोष्ट पसरली आणि तिची बाकीची चार घरंही सुटली.

"रोज रात्री क्षमा मागते. स्तोत्र ५१ तोंडपाठ झालंय. तीन पाळकांनी सांगितलं की देवाने क्षमा केलीय, विश्वास ठेवा. मी हो म्हणते आणि घरी येऊन परत रडते. देवाने मला टाकलंय का?"

इथे आपल्यातले बरेच जण पटकन वचन काढून देतात. वचन खरंच असतं, पण माणूस कुठे अडकलाय ते न बघता दिलं तर त्याला अजूनच वाटतं की इतकं सोपं मलाच कसं जमत नाही, म्हणजे दोष माझ्याच विश्वासात आहे. माझी पद्धत जरा वेगळी आहे. माणूस काय बोलतो त्याच्यापेक्षा तो कोणाला वगळून बोलतो तिकडे माझं लक्ष जास्त असतं, कारण माझं ठाम मत आहे की पाप कधी एकट्याचं नसतं, ते कुठल्यातरी नात्यात झालेलं असतं, आणि इतक्या वर्षांत या मताने मला क्वचितच दगा दिलाय.

मी त्यांना म्हटलं, रात्री जशी प्रार्थना करता तशीच आत्ता माझ्यासमोर करा, मी डोळे मिटून ऐकते. दहाएक मिनिटं त्या प्रार्थनेत होत्या. फार सुंदर प्रार्थना होती, खरं सांगते. मी पापी आहे, मला धू, माझं हृदय शुद्ध कर, मला टाकू नको, मला तुझ्या सान्निध्यातून घालवू नको. आमेन म्हटल्यावर मी एवढंच विचारलं, "त्यांचं नाव काय?"

"कोणाचं?"

"तुमच्याकडे कामाला होत्या त्यांचं."

ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावला. बाहेर रिक्षांचा आवाज येत होता आणि मी काहीच बोलले नाही, अशा वेळी काही बोलायचं नसतं हे मला उशिरा कळलंय पण नीट कळलंय. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग त्यांनी नाव घेतलं, एकदा, मग परत एकदा, आणि म्हणाल्या, "मॅडम, १४ वर्षांत माझ्या प्रार्थनेत हे नाव एकदाही आलं नाही. मी फक्त मला वाचव, मला वाचव म्हणत राहिले."

त्या दिवशी मलाही काहीतरी उमगलं. स्तोत्र ५१ मध्ये दावीद राजा, ज्याने उरियाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मारवलं, म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध मी पाप केलंय. ताईंनी त्या ओळीत १४ वर्षं आसरा घेतला होता, म्हणजे हिशोब फक्त देवाशी, बाकी कोणाला तोंड दाखवायला नको. मी त्यांना म्हटलं, "ताई, दाविदाने ते म्हटलं तेव्हा उरिया मेलेला होता. तुमचा उरिया जिवंत आहे, याच शहरात आहे."

मग आम्ही दोघींनी करिंथचा तो अध्याय उघडला, पण २७ व्या वचनापासून नाही, वरून, १७ पासून. पौल हे पत्र लिहितोय साधारण इ.स. ५५ च्या आसपास, इफिसहून, आणि तेव्हा प्रभुभोजन म्हणजे घरातलं खरंखुरं जेवण असायचं. करिंथात व्हायचं काय, तर ज्यांच्याकडे असेल ते आपलं आपलं आधी खाऊनपिऊन घ्यायचे, ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशीच बसायचे. पौल त्यावर भडकलाय, विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? अयोग्य प्रकारे खाणं हे तिथून आलंय. तिथे लायक माणूस आणि नालायक माणूस असा प्रश्नच नाही, लायक असा माणूस त्या टेबलाशी कधी बसलेलाच नाही, पहिल्या रात्री तिथे येशूचा शिष्य पेत्रही होता आणि सकाळ व्हायच्या आत त्याने येशूला तीनदा नाकारलं. आणि २८ वं वचन सांगतं की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. खाऊ नये असं पौल म्हणतच नाही.

ताईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हा अध्याय माझ्याबद्दलच आहे, पण मला वाटत होतं तसा नाही." हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. गरीब बाईला लाजवल्याचं पाप त्यांच्याकडे होतंच, पण त्यावर पौलाचं बोट टेबलापासून लांब जायला सांगत नव्हतं, त्या बाईच्या घराकडे जायला सांगत होतं.

आपल्या मराठी शास्त्रात १ योहान १:९ ला फार छान शब्द आलाय, पापं पदरी घेणं. कबूल करणं तोंडाने होतं, पदरी घ्यायचं म्हणजे हे माझं आहे, याचं जे काय होईल ते मी बघेन. ताई रोज कबुली देत होत्या, पदरी मात्र त्या दुसऱ्याच बाईच्या घातलं होतं.

"मग आधी तिच्याकडे जाऊ की आधी प्रभुभोजन घेऊ?" हे सगळेच विचारतात. मत्तय ५ म्हणतं वेदीपाशी दान ठेव आणि आधी जा. पण लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराचं बघा, लुबाडलेलं चौपट परत देईन हे तो म्हणाला येशू त्याच्या घरी जायला निघाल्यावर, म्हणजे आधी प्रभूने त्याच्या घरचा पाहुणचार पत्करला आणि मग याच्या हाताला देण्याचं बळ आलं. भरपाई केली म्हणून क्षमा मिळते असं कोणी मानू नये, मी ते कधीच मान्य करणार नाही. मी ताईंना दोन्ही सांगितलं. त्यांनी ठरवलं, आधी जाईन.

ज्यांना हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. पापाला एखाद्या जिवंत माणसाचं नाव असेल आणि तुमच्या जाण्याने त्याचं काही भलं होणार असेल तर जा. फक्त स्वतःचं ओझं उतरवायला जाऊ नका, काही गोष्टी सांगून समोरच्याचा संसार मोडतो, तिथे आधी एखाद्या समजूतदार पाळकाशी बोला, याकोब ५:१६ एकमेकांजवळ कबुली द्या म्हणतं ते त्यासाठीच. माणूस गेलेला असेल तर त्याच्या मुलाबाळांचं काही देणं लागतो का बघा. आणि ज्याच्यावर अन्याय झालाय, मार खाल्लाय, त्याला मी जा आणि समेट कर असं कधीच सांगत नाही, ते जाणं दुसऱ्याचं आहे. अजून एक, काहींना पाप म्हणून नेमकं बोट ठेवता येत नाही पण डोक्यात घाण विचार येतात, पवित्र आत्म्याविरुद्ध काही बोललो का म्हणून तीच प्रार्थना वीस वीस वेळा करतात. पुढे धर्मसुधारणा करणारा मार्टिन ल्यूथरसुद्धा मठात असताना एकेका बैठकीत तासन्‌तास कबुली देत बसायचा, ती ऐकणारा त्याचा वरिष्ठ स्टाउपिट्झ थकून जायचा. असं तुमचं होत असेल तर मानसोपचार डॉक्टरांना भेटा, तो आजार असू शकतो, गोळीने आणि उपचाराने पुष्कळ बरं वाटतं, आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असं अजिबात नाही.

ताईंनी आधी नवऱ्याला सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. मग दोघं मिळून गेले, त्या बाई आता लेकीकडे राहतात. ताईंनी बुडलेल्या पगाराचा हिशोब करून पैसे पाकिटात घातले होते. त्या बाईंनी पाकिटाला हातही लावला नाही. म्हणाल्या, "पैसे ऱ्हाऊ दे. आधी त्या बिल्डिंगीत सांग. माझ्या पोरीला शाळेत चोराची पोरगी म्हणायचे."

हे ताईंना पाय धरण्यापेक्षा अवघड होतं. चार घरांपैकी दोन घरं अजून तिथेच होती, तिथे त्या गेल्या, बसून सगळं सांगितलं, एका घरात चहासुद्धा विचारला नाही. बाकीच्या दोघांना फोन केला. मग परत त्या बाईंकडे जाऊन सांगितलं, आणि तेव्हा त्यांनी पाकीट घेतलं, मोजलं, आत ठेवलं. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. अजूनही म्हणालेल्या नाहीत.

पुढच्या पहिल्या रविवारी ताईंचा दुपारी मेसेज आला. डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभी राहिले, हात फार थरथरत होते, रस थोडा साडीवर सांडला, हे शेजारीच होते. भाकर घ्यायच्या आधी त्या बाईंचं नाव घेतलं, मग त्यांच्या लेकीचं.