बेळगाव, बेलगाम की बेळगावी? शहापूरचं साडी-दुकान गुगलवर का सापडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान आहे, वेबसाइट होऊन दीड वर्ष झालं. दुकानाचं पूर्ण नाव टाकलं की साइट वर येते, पण ‘बेळगाव साडी’, ‘इरकल साडी’, ‘नऊवारी’ टाकलं की पाच पानं चाळूनही पत्ता नाही. साइट वर्डप्रेसवर आहे, कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण आहे, आणि एक एजन्सी महिना आठ हजारांत ‘पहिल्या पानाची हमी’ देते आहे.

हमीचं शेवटी बघू. आधी दोन आजार वेगळे करा. एक, गुगलला तुमची पानं माहीतच नाहीत. दोन, पानं माहीत आहेत, पण गिऱ्हाईक ज्या शब्दांत आणि ज्या लिपीत विचारतं ते त्या पानांवर नाही. दुकानाच्या नावाने साइट येते म्हणजे निदान पहिलं पान तरी गुगलकडे आहे. आपल्या भागातल्या साइटना बहुतेक वेळा दुसराच आजार असतो, पण पहिला तपासायला दहा मिनिटं लागतात, तर तो आधी उरकून टाका.

गुगलच्या खिडकीत रोमन अक्षरांत ‘साइट’, लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन टाका. तीस पानांची साइट असून तीनच दिसली तर गडबड आहे. हा आकडा अंदाजेच असतो. खरं उत्तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे तुमची साइट गुगलला कशी दिसते हे दाखवणाऱ्या गुगलच्याच साधनात, मिळतं. तो फुकट आहे. त्यात ‘डोमेन’ प्रकारची प्रॉपर्टी (म्हणजे तुमच्या साइटची नोंद) जोडा आणि मालकी पटवायला दिलेली टीएक्सटी नोंद डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन जिथून घेतलं तिथल्या सेटिंगमध्ये, टाका, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला, नसलेला, एचटीटीपी, एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात. मग ‘पेजेस’ अहवाल उघडा. ‘नोइंडेक्स’मुळे (म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ या खुणेमुळे) वगळलेली पानं दिसली तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची एक चौकट असते, तिची खूण काढा. साइट बांधताना ती चालू करतात आणि काढायची विसरतात. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असेल तर गुगल येऊन बघून गेलं, पण पान ठेवून घ्यावंसं त्याला वाटलं नाही. तिथे पुन्हा पुन्हा ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबून काही होत नाही, पान सुधारावं लागतं.

एक गफलत नेहमी होते. रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कोणती पानं उघडायची नाहीत हे सर्च इंजिनांना सांगणारी फाइल, तिच्यात एखादं पान अडवायचं आणि त्याच पानावर नोइंडेक्सही लावायचं. अडवलेलं पान गुगल उघडतच नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्स त्याला दिसत नाही, आणि बाहेरून कुठून दुवा असला तर नुसता पत्ता निकालात लोंबकळत राहतो. दोन्हीपैकी एकच वापरा.

आता मूळ दुखणं. तुमचं पान माउसने निवडून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मजकूर मराठीच राहिला तर ठीक. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटला, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. आपल्याकडे पत्रिका-पॅम्फ्लेट करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडून मजकूर येतो तो जुन्या श्रीलिपीत, कन्नड असेल तर जुन्या नुडीत. फॉन्ट जोडला की डोळ्याला तो बरोबर दिसतो, पण गुगलला त्यात ‘साडी’ हा शब्द सापडत नाही. आणि काही पेस्टच झालं नाही तर अख्खं पॅम्फ्लेट जेपीजी म्हणून चिकटवलेलं आहे. त्या चित्रातल्या सुंदर अक्षरांवर शोधात काही भरवसा ठेवू नका. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास मोडतोड होते.

दुसरी शक्यता तुमच्या त्या बटणाची. भाषा बदलायचं बटण दाबल्यावर वर पत्ता बदलतो का बघा. बदलत नसेल तर ते ब्राउझरमध्ये जागच्या जागी भाषांतर करणारं विजेट आहे. गुगलच्या लेखी तुमची साइट फक्त इंग्रजी आहे, मराठी आणि कन्नड पानं अस्तित्वातच नाहीत. प्रत्येक भाषेला स्वतःचा पत्ता हवा: डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन मराठीसाठी ‘एमआर’, कन्नडसाठी ‘केएन’ असा विभाग. एका पानावर एकच भाषा. वर मराठी, मध्ये कन्नड, खाली इंग्रजी असं खिचडी पान दुकानाच्या फलकावर चालतं, शोधात नाही, कारण गुगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं.

ही पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे सांगायला एचरेफलँग खुणा लागतात. नियम दोनच, पण चुकतात दोन्ही. पत्ता पूर्ण द्यायचा, एचटीटीपीएसपासून. आणि खूण दोन्ही बाजूंनी हवी: मराठी पान कन्नडकडे बोट दाखवतं तर कन्नड पानानेही मराठीकडे दाखवलं पाहिजे, नाहीतर गुगल ती खूण धरत नाही. प्रत्येक पानाची कॅनॉनिकल खूण, म्हणजे ‘मूळ पान हे’ असं सांगणारी खूण, त्याच पानाकडे असू द्या. तिन्ही भाषांची कॅनॉनिकल इंग्रजीकडे वळवली तर ‘मराठी पान मोजू नका’ असं तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. फोनची भाषा बघून आपोआप दुसऱ्या पानावर ढकलू नका. गुगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो आणि भाषेची पसंती कळवत नाही, तो कायम इंग्रजीवरच आदळेल.

पत्त्यात देवनागरी वापरावी का? चालते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना पंचाईत होते. ‘साडी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून चार युनिकोड चिन्हं, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि पत्ता पाठवताना प्रत्येक बाइटचं टक्केचिन्ह आणि दोन अक्षरं होतात, म्हणजे छत्तीस अक्षरं. पत्ता रोमन आणि आखूड ठेवा, शीर्षक आणि मजकूर मराठी ठेवा.

मग शब्द. शहराचंच नाव घ्या. 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी. मराठी माणूस लिहितो बेळगाव, रोमनमध्ये अजून सवयीने जुनं बेलगामचंच स्पेलिंग हाताशी येतं, हिंदीवाला देवनागरीत बेलगाम लिहितो. गुगलला ही सगळी एकच जागा आहे हे बऱ्यापैकी कळतं, पण ‘बऱ्यापैकी’वर धंदा सोडू नका. इंग्रजी पानाच्या शीर्षकात एक रूप आणि पहिल्या परिच्छेदात दुसरं, एवढं पुरे. पाच रूपांची माळ तळाशी ओवली तर तो सरळ शब्दांचा भरणा ठरतो. ‘मेटा कीवर्ड्स’ या पानाच्या कोडमधल्या न दिसणाऱ्या यादीत शंभर शब्द कोंबायचा सल्ला कोणी दिला तर तो जुना आहे: ती खूण क्रमवारीसाठी वापरत नाही हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं.

साडीच्या नावातही तेच. मराठीत इरकल, इरकली लुगडं. कन्नडमध्ये इळकल. बाजारात इलकल. नऊवारी रोमनमध्ये कोणी यू लावून लिहितं, कोणी डबल व्ही लावून. तुमच्या गिऱ्हाइकाचं खरं रूप कोणतं हे सर्च कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘क्वेरीज’खाली दिसतं, सोळा महिन्यांपर्यंतचं. ज्या शब्दांवर साइट दाखवली गेली पण क्लिक नाही, आणि सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या मधला आहे, ते आधी घ्या. तिथे मेहनत लवकर फळते. ‘साडी’ या एका शब्दामागे लागू नका, तिथे देशभरची मोठी दुकानं बसली आहेत.

तुमच्या हातचं मैदान वेगळं आहे: लग्नाचा बस्ता. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहून, चोर्ला घाट चढून गोव्याहून माणसं बस्ता बांधायला येतात, आणि निघण्याआधी फोनवर बघतात. त्यासाठी एक स्वतंत्र मराठी पान करा. शालू, नऊवारी, मानपानाच्या साड्या, आहेराचे कपडे एकाच छताखाली मिळतात का, भाव कितीपासून कितीपर्यंत, वीस-पंचवीस माणसं आली तर बसायची सोय, गाडी कुठे लावायची, सुट्टीचा वार कोणता, ब्लाउज शिवून किती दिवसांत मिळतो. हे कोणत्याही मोठ्या साइटवर नसतं.

तसंच इरकलचं पान. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येक दुकानाच्या साइटवर आहे. त्याऐवजी सूत कोणतं ते लिहा: सुती, रेशमी की आर्ट सिल्क. काठ गोमी की चिक्की. पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला आहे का, म्हणजे टोपे तेणी, की नुसती तशी दिसणारी यंत्रमागाची साडी आहे. लांबी मीटरमध्ये: नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. ब्लाउज पीस जोडून की वेगळा. लाल पदराचा रंग पहिल्या धुण्यात उतरतो का. काउंटरवर बायका जे विचारतात तेच प्रश्न, तुमच्या उत्तरांसह.

आणखी एक, साडीच्या धंद्यातली खास चूक. हातमागाची साडी एकच नग असते, आठवड्यात विकली जाते, आणि तिचं पान उडतं. मग उडालेली सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवली जातात. गुगल अशा वळवणीला ‘सॉफ्ट 404’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असंच, धरतं, फायदा काही नाही. कायमची विकली गेलेली साडी सरळ 404 होऊ द्या. मेहनत घ्यायची ती प्रकारांच्या पानांवर, इरकल, पैठणी, नऊवारी, बस्ता, कारण ती वर्षानुवर्षं टिकतात.

फोटो: ‘आयएमजी’ आणि ‘डब्ल्यूए’ असलेल्या फाइली म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. नाव बदलून साडीचं नाव द्या, ऑल्ट मजकुरात (फोटोमागच्या न दिसणाऱ्या ओळीत) वर्णन लिहा, रुंदी 1200 पिक्सेल आणि वेबपी हे हलक्या फाइलीचं रूप पुष्कळ झालं. पानाच्या डोक्यावरचा मोठा फोटो ‘लेझी लोड’ (म्हणजे मागाहून उघडणारा) करू नका, नेमका तोच उशिरा येतो. मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, हे गुगलचे उंबरठे आहेत. पण वेग वाढवून रिकामं पान वर येत नाही. वेगाला पाचवा नंबर द्या.

नकाशातल्या नोंदीला मात्र पहिला. ‘माझ्या जवळ साडीचं दुकान’ याचं उत्तर वेबसाइटपेक्षा बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल नकाशावरची दुकानाची नोंद, देतं, आणि तिथे गुगल तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणी, अंतर, नावलौकिक. अंतर तुमच्या हातात नाही. प्रोफाइलवर नाव जे फलकावर आहे तेच. ‘अमुक सारीज, बेस्ट इरकल साडी शॉप इन बेलगाम’ असं लांबवलं की प्रोफाइल निलंबित होण्याचा धोका. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, फलक आणि कुलूप उघडणं असं सलग दाखवा. कर्नाटकात फलकावर साठ टक्के कन्नड लागतं. रोमन किंवा मराठी नाव खाली बारीक असेल तर कॅमेरा जवळ नेऊन ते वाचता येईल असं घ्या, नाहीतर अर्जातलं नाव आणि फलक जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येऊ शकतो. मुख्य प्रकार ‘साडी दुकान’ निवडा, शिवाय नऊपर्यंत जास्तीचे प्रकार देता येतात. वेबसाइट, प्रोफाइल, फेसबुक सगळीकडे पत्ता आणि फोन अक्षरशः एकच ठेवा. दिवाळीच्या वेळा वेगळ्या भरा. अभिप्राय मागायला हरकत नाही, पण अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं नियमाबाहेर आहे. कन्नड अभिप्रायाला कन्नडमध्ये, मराठीला मराठीत उत्तर द्या, गिऱ्हाईक ते वाचतं.

खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशी गावागणिक पानं करायचा मोह होईल. मजकूर तोच आणि गावाचं नाव फक्त बदललेलं, याला गुगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि ते स्पॅम धरतं. निपाणीला खरंच शाखा असेल तर निपाणीचं पान करा, नाहीतर नको. विकतचे पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारे दुवे, हेही त्याच माळेचे मणी. त्यापेक्षा ज्या विणकरांचा, घाऊक व्यापाऱ्यांचा माल तुम्ही ठेवता त्यांच्या साइटवर ‘विक्रेते’ यादीत नाव घालून घ्या.

आता आठ हजार. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहिलं आहे. सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही तिथेच आहे. तरी एजन्सी ठेवायची असेल तर महिन्याला कोणती पानं लिहिणार, मराठी आणि कन्नड मजकूर कोण तपासणार, हे कागदावर घ्या. आणि सही करण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या ईमेलवर आणा: डोमेनचं खातं, सर्च कन्सोलची मालकी, बिझनेस प्रोफाइलची मुख्य मालकी. प्रोफाइलमध्ये नवीन मालक जोडल्यावर पहिले सात दिवस त्याला पूर्ण अधिकार मिळत नाहीत, म्हणून हे काम बोलणी चालू असतानाच सुरू करा.