मुलं बघून फक्त वाईटच उचलतात का?

तुम्ही विचारलंय की मुलाला कितीही सांगा, वळत नाही, पण घरात कुणी आरडाओरडा केला की तो मात्र एकदा बघून उचलतो, मग चांगलं का उचलत नाही. मला वाटतं चांगलंही तेवढंच उचलतो, फक्त ते वागण्यात लगेच दिसत नाही आणि आपण धीर सोडतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा बाहुलीचा प्रयोग (1961, अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ) बऱ्याच जणांना माहीत असतो, मोठ्या माणसाला बाहुली बडवताना बघून मुलांनीही तिला बडवलं. पण त्यांचा 1965 चा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात मुलांना एक फिल्म दाखवली, एक माणूस हवा भरलेल्या बाहुलीवर बसतो, तिला गुद्दे घालतो, हातोडीने मारतो. शेवट मात्र तीन वेगवेगळे होते, एकात त्याला शाबासकी आणि खाऊ मिळतो, एकात ओरडा आणि मार बसतो, तिसऱ्यात काहीच होत नाही. मग मुलांना तशाच बाहुलीजवळ खेळायला सोडलं, तर त्याला मार बसताना बघितलेल्या मुलांनी सगळ्यात कमी नक्कल केली. इथपर्यंत कुणालाही पटेल. पण नंतर सगळ्यांना सांगितलं की त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवा, स्टिकर आणि ज्यूस मिळेल, आणि तिन्ही गटांतल्या मुलांनी जवळपास सारखंच करून दाखवलं! म्हणजे शिकली सगळीच होती, करायचं की नाही हे मात्र समोरच्याचं काय झालं ते बघून ठरत होतं.

आता हेच घरात लावून बघा. कुणीतरी ओरडतं, सगळे गप्प होतात, काम पटकन होतं. मुलाला काय दिसलं, तर ओरडलं की जमतं. तेच कुणी शांतपणे काही मागितलं आणि कुणी लक्षच दिलं नाही तर तेही त्याला दिसतंच ना. त्यामुळे नुसतं आपण चांगलं वागून भागत नाही, त्या वागण्याने काहीतरी साध्य होतंय हे त्याच्या डोळ्यांसमोर घडायला हवं.

दुसरं म्हणजे कोणाचं बघतो. मी लहान मुलांना पोहायला शिकवतो. काठावर पाय सोडून बसलेलं, आत यायला अजिबात तयार नसलेलं मूल माझ्याकडे बघून पाण्यात येत नाही, त्याला माहीत असतं की याला येतंच. पण त्याच्याच वयाचं, आत्ता-आत्तापर्यंत घाबरणारं मूल नाक दाबून, डोळे घट्ट मिटून डोकं पाण्यात घालतं आणि हसत वर येतं, ते काठावरचं मूल टक लावून बघत असतं, आणि थोड्या वेळाने आपणहून पहिली पायरी उतरतं. बंडुरांनीच 1967 मध्ये कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलांवर असं करून बघितलं होतं, एक न घाबरणारा मुलगा रोज कुत्र्याच्या थोडं-थोडं जवळ जायचा, बाकीची फक्त बघायची, आणि बऱ्याच जणांची भीती खूप कमी झाली.

म्हणून तुम्हाला राग आला की तो गिळून हसू नका. "मला राग आलाय, दोन मिनिटं थांबते" असं त्याच्यासमोर मोठ्याने म्हणा, थांबा, मग बोला, आणि घरातल्या बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा की अशा वेळी हातातलं सोडून नीट ऐकायचं.